एकच वाट, दोन्ही दिशांच्या गाड्या

गेल्या डिसेंबरात माणगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या सहलीबरोबर मी रत्नागिरीला निघाले होते. मुले नववीची होती. वाटेत दिसणारे खडक त्यांना समजावून सांगावेत, एवढेच माझ्याकडे काम होते. गाडीने वीर स्थानक सोडले, सावित्रीचा पूल ओलांडला आणि करंजाडीला येऊन जी थांबली ती हलेचना. पाच मिनिटे झाली, दहा झाली. खिडकीला नाक लावून बसलेली एक मुलगी वळून म्हणाली, "मॅडम, पुढचा रूळ तर मोकळा दिसतोय. मग गाडी का थांबलीय?"

तिच्या सरांनी सवयीने उत्तर दिले, "क्रॉसिंग आहे गं." कोकणातल्या प्रत्येक प्रवाशाच्या तोंडी असलेले हे उत्तर बरोबर होते. पण मुलीचा दुसरा प्रश्न तयारच होता: "मग दोन रूळ का नाही टाकले?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी कोकणच्या नद्या, सह्याद्रीचा कातळ, घर्षणाचे नियम, थोडे अंकगणित आणि थोडा इतिहास इतके सगळे लागते. करंजाडीच्या त्या थांब्यात जे सांगून झाले आणि जे राहून गेले, ते या लेखात मांडते आहे.

रेल्वे समुद्राकाठाने का गेली नाही?

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र, मधे जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरची पट्टी. मुंबईहून गोव्याकडे जाणारा मार्ग या पट्टीतून उत्तर-दक्षिण जायला हवा. पण पट्टीतले पाणी मात्र पूर्व-पश्चिम वाहते. सह्याद्रीत उगम पावलेल्या नद्या पश्चिमेकडे धावतात आणि दोन नद्यांच्या मधे सह्याद्रीच्या सोंडा समुद्राच्या दिशेने उतरत जातात. म्हणजे दक्षिणेकडे निघालेल्या मार्गाला एक सोंड, एक नदी, पुन्हा सोंड, पुन्हा नदी असे आडवे ओलांडत जावे लागते. घराच्या पत्र्यावर नळ्यांच्या दिशेने बोट फिरवले तर ते सरळ घसरते, आडवे फिरवले तर दर नळीला वर-खाली होते. कोकणात उत्तर-दक्षिण जाणे हे असे पत्र्यावर आडवे बोट फिरवणे आहे.

मग समुद्राच्या अगदी कडेने का जाऊ नये? तिथे सोंडा कमी उंचीच्या झालेल्या असतात हे खरे, पण नद्या खाड्या होतात. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांची मुखे पाहिली की लक्षात येते, की तिथे प्रत्येक ठिकाणी फार लांबीचा पूल आणि खोल चिखलात पाया घालावा लागेल. सह्याद्रीच्या पायथ्याशी सरकले तर नद्या अरुंद होतात, पण सोंडा उंच होतात. रेल्वेची आखणी ही या दोन अडचणींमधली तडजोड असते. म्हणून रायगडमधला लोहमार्ग समुद्रापासून बराच आत आहे. रोहे-कोलाड भागात कुंडलिका, माणगाव आणि वीरच्या दरम्यान काळ नदी आणि वीरच्या पुढे सावित्री अशा नद्या तो ओलांडतो. महाड हे मोठे गाव, पण रेल्वे महाडात शिरत नाही. महाडकरांचे स्थानक म्हणजे वीर.

चढाचा हिशेब

आता सोंडा ओलांडण्याचा प्रश्न. रस्ता नागमोडी वळणे घेत कशेडीचा घाट चढतो. रेल्वे तसे का करत नाही?

रेल्वेचे मोठे सामर्थ्य तिच्या पोलादी चाकात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना दबत नाही, त्यामुळे गाडी सपाटीवर अत्यंत कमी जोराने ओढता येते. एक टन वजन सपाट रुळावर चालते ठेवायला साधारण २ ते ३ किलो वजनाइतका जोर पुरतो. रबरी टायरला याच्या कित्येक पट जोर लागतो. पण जो गुण सपाटीवर तारतो तोच चढावर मारतो. गुळगुळीत रुळावर चाकाची पकड बेताची असते.

हिशेब करून पाहू. समजा, इंजिनासह १,००० टनांची गाडी आहे. सपाटीवर तिला सुमारे ३ टन जोर लागेल. चढ १५० मध्ये १ असेल, म्हणजे १५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, तर वजनाचा १५० वा भाग गाडीला मागे खेचतो. तो होतो ६.७ टन. एकूण जोर सुमारे १० टन. आता चढ ३७ मध्ये १ करा. मागे खेचणारा भाग २७ टन होतो आणि एकूण जोर ३० टनांवर जातो.

इंजिन किती जोर लावू शकते? त्याचे यंत्र कितीही ताकदवान असले तरी चाक घसरू लागले की जोर संपला. कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाच्या साधारण पाव पट पकड मिळते, असे धरू. इंजिन ११२ टनांचे असेल तर ही मर्यादा २८ टनांची. पावसात, ओल्या रुळावर ती १७ टनांपर्यंत उतरू शकते. म्हणजे १५० मध्ये १ या चढावर आपली गाडी भर पावसातही एका इंजिनाने चढेल. ३७ मध्ये १ या चढावर मात्र कोरड्या हवेतही एक इंजिन कमी पडेल.

हे ३७ मध्ये १ प्रमाण मी मनाने घेतलेले नाही. ते याच रायगड जिल्ह्यात कर्जतच्या पुढे सुरू होणाऱ्या बोरघाटाचे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. सुमारे २५ किमी अंतरात मार्ग ५५० मीटरहून अधिक उंची चढतो. हजारो मजुरांनी पहार, छिन्नी आणि सुरुंगाची दारू यांवर तो खोदला. पटकीसारख्या रोगांनी आणि अपघातांनी त्यांतले कित्येक तिथेच मेले. आजही बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. दीडशे वर्षांपूर्वी कमी खोदाईसाठी तीव्र चढ पत्करला गेला आणि त्याची किंमत आजची प्रत्येक गाडी भरते आहे.

कोकण रेल्वेच्या आखणीत उलटा विचार झाला. बांधताना जास्त खर्च झाला तरी चालेल, पण चढ १५० मध्ये १ पेक्षा तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरहून कमी नको. वळणाची ही अट वेगासाठी आहे. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर तेवढ्याच सुरक्षिततेसाठी त्रिज्या चौपट लागते. मार्ग ताशी १६० किमी वेगाचा विचार करून आखलेला आहे.

या दोन अटींचा परिणाम पाहा. १५० मध्ये १ या चढाने १०० मीटर उंची गाठायला १५ किमी अंतर लागते. दोन नद्यांच्या मधे एवढी जागाच नसते. वळसा घालावा तर वळणाची अट आडवी येते. मग उरतो एकच उपाय: डोंगर चढायचा नाही, त्याच्या पोटातून जायचे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किमी मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किमी भरते. म्हणजे दर नऊ किलोमीटरांत सरासरी एक किलोमीटर आपण डोंगराच्या पोटात असतो. लहान-मोठे पूल सुमारे दोन हजार. रायगड संपता संपता, विन्हेरे आणि दिवाणखवटी यांच्या दरम्यान चार किलोमीटरहून लांब असा नातूवाडीचा बोगदा लागतो. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. २०१३ मध्ये काश्मीरच्या मार्गावर पीर पंजालचा बोगदा सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा तोच होता.

कातळ बरा, माती वाईट

बोगद्याबद्दल एक समजूत आपल्या सर्वांची असते: दगड जितका कठीण तितके काम अवघड. प्रत्यक्षात अनुभव उलट आला. रायगडपासून दक्षिणेकडे बराच काळ आपण काळ्या बेसॉल्टवर असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हारस एकावर एक थरांनी पसरला आणि थिजला, तोच हा कातळ. ड्रिलने भोके पाडायची, सुरुंग लावायचे, राडारोडा काढायचा, असे चक्र तिथे चालू शकते. कारण कातळात पाडलेले भगदाड काही काळ आपल्या आधाराने उभे राहते.

दक्षिणेकडे जांभ्याचा प्रदेश वाढत जातो. वरचा जांभा चांगला टणक असतो. आपण त्याचे चिरे काढून घरे बांधतो. पण त्याच्याखाली कित्येकदा पांढरट-गुलाबी, चिकण मातीचा थर असतो. त्यात पाणी मुरले की काय होते? मातीचे कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात, त्या दाबामुळे त्यांच्यात घर्षण असते आणि घर्षणामुळे माती जागेवर राहते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटते. कणांमधला दाब कमी झाला, की घर्षण कमी होते, आणि काल भिंतीसारखी उभी असलेली माती आज वाहू लागते. कोकण रेल्वेचे नऊ बोगदे अशा मऊ मातीतून गेले. गोव्यातला पेडण्याचा बोगदा लांबीने जेमतेम दीड किलोमीटर, पण तिथे माती पुन्हा पुन्हा ढासळली आणि माणसे दगावली. त्यामुळे साऱ्या मार्गाचे उद्‌घाटन लांबले. संपूर्ण मार्गाच्या बांधकामात ७४ जणांनी प्राण गमावले. रत्नागिरी स्थानकाबाहेर त्यांचे स्मारक आहे. सहलीला गेलात तर मुलांना तिथे पाच मिनिटे उभे करा.

एक रूळ वाटून घेण्याचे गणित

आता मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या एकच रूळ वापरतात. सुरक्षिततेचा नियम साधा आहे: दोन स्थानकांमधल्या खंडात एका वेळी एकच गाडी. समोरासमोरच्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडणार त्या फक्त स्थानकात, जिथे शेजारी दुसरा रूळ, म्हणजे लूप लाइन असते.

हे फळ्यावर उत्तम दाखवता येते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर घ्या. अ, ब, क ही तीन स्थानके ०, १२ आणि २४ किमीवर आहेत. अ वरून एक गाडी ८ वाजता ताशी ६० किमी वेगाने निघाली. तिची रेषा वर चढते. क वरून दुसरी गाडी त्याच वेगाने ८ वाजताच निघाली, तिची रेषा खाली उतरते. दोन्ही रेषा ८.१२ ला ब स्थानकातच छेदतात. कुणालाही फारसे थांबावे लागत नाही.

आता दुसरी गाडी सहा मिनिटे उशिरा, ८.०६ ला निघू द्या. रेषा कुठे छेदतात? ८.१५ वाजता, १५ किमीवर, म्हणजे ब च्या पुढे तीन किलोमीटर, मोकळ्या रानात. कागदावरचा हा छेदनबिंदू म्हणजे प्रत्यक्षातली टक्कर. ती टाळायला दोनच मार्ग आहेत. पहिली गाडी ब मध्ये दुसरीची वाट पाहील. ती ८.१२ ला येईल आणि दुसरी ८.१८ ला येईपर्यंत सहा मिनिटे थांबेल. किंवा दुसरी गाडी क मध्येच पहिलीची वाट पाहील. मग तिला ८.०६ ते ८.२४ अशी १८ मिनिटे थांबावे लागेल. नियंत्रण कक्षात बसलेली माणसे दिवसभर हेच करत असतात. संगणक मदतीला असला तरी आलेख हाच. लक्षात घ्या, उशीर दुसऱ्या गाडीने केला आणि थांबावे लागले पहिलीला. पुढे पहिलीच्या या सहा मिनिटांमुळे तिसरी कुणी तरी थांबेल. एकेरी मार्गावर उशीर हा सर्दीसारखा पसरतो.

आता एकूण क्षमता काढू. गाडीला १२ किमीचा खंड पार करायला १२ मिनिटे आणि मार्ग मोकळा झाल्याची खात्री करून पुढच्या गाडीला सिग्नल द्यायला ५ मिनिटे धरू. एका गाडीमागे १७ मिनिटे. दिवसाची १,४४० मिनिटे भागिले १७ म्हणजे दोन्ही दिशांच्या मिळून ८४ गाड्या. हा फक्त कागदावरचा कमाल आकडा आहे. रुळांच्या देखभालीसाठी काही तास ठेवावे लागतात, सगळ्या गाड्यांचा वेग सारखा नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो बराच खाली येतो.

या खंडाच्या बरोबर मधे एक नवे क्रॉसिंग स्थानक बांधले तर? खंड ६ किमीचा होतो, वेळ ६ अधिक ५ म्हणजे ११ मिनिटे, गाड्या १३०. नवा रूळ फक्त स्थानकापुरता टाकला, पण क्षमता दीडपट झाली! म्हणूनच अलीकडच्या वर्षांत कोकण रेल्वेवर दहा नवी क्रॉसिंग स्थानके झाली. इंदापूर, गोरेगाव रोड आणि सापे वामणे ही त्यांतली तीन रायगडमधली. अर्थात साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकी, तशी मार्गाची क्षमता सर्वांत लांब खंडाइतकी. एकाच जागी सुधारणा करून भागत नाही.

मग हवी तितकी स्थानके का बांधू नयेत? इथे पुन्हा डोंगर आडवा येतो. लांब मालगाडी मावेल अशा लूपसाठी सुमारे ७०० मीटर जागा लागते. शिवाय उभी गाडी आपोआप घरंगळू नये म्हणून स्थानकातला उतार ४०० मध्ये १ पेक्षा जास्त चालत नाही. बोगदा, पूल, कटिंग, भराव यांच्या रांगेत एवढी सपाट जागा शोधावी लागते. कोकणात स्थानक गावापासून दूर का, याचे एक उत्तर इथे मिळते.

दुसरा पूर्ण रूळ टाकणे हा अर्थातच खरा उपाय. रोहे ते वीर हा सुमारे ४७ किमीचा टप्पा तुलनेने सपाट आहे. तो ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. पण वीरच्या दक्षिणेला डोंगर दाटतात. तिथले बोगदे एकाच रुळापुरते खोदलेले आहेत. दुसरा रूळ म्हणजे शेजारी दुसरा बोगदा, दुसरा पूल, आणि गाड्या चालू असताना त्यांच्याजवळ सुरुंग. म्हणून आमची गाडी वीरपर्यंत सुखाने आली आणि करंजाडीला अडकली. मार्गाचा अरुंद गळा कापून टाकला गेला नाही, तो फक्त दक्षिणेकडे सरकला.

दोन एकेऱ्यांची एक दुहेरी

अशा अडचणीतून कॅनडात निघालेला एक मार्ग सांगण्यासारखा आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर नदीच्या खोल घळीतून दोन स्पर्धक कंपन्यांचे लोहमार्ग जातात. एक कॅनेडियन पॅसिफिकचा, दुसरा कॅनेडियन नॅशनलचा, बराच भाग नदीच्या दोन काठांना समोरासमोर. दोन्ही एकेरी, त्यामुळे दोन्हींवर क्रॉसिंगचा खोळंबा. शेवटी दोघांनी ठरवले, की पश्चिमेकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या, मग त्या कुणाच्याही असोत, नॅशनलच्या रुळावरून जातील आणि पूर्वेकडच्या सगळ्या पॅसिफिकच्या रुळावरून येतील. एक इंचही न खोदता दोन एकेरी मार्गांचा एक दुहेरी मार्ग झाला.

आपल्याकडे दुसऱ्या काठावर दुसरी रेल्वे नाही, पण वाटून घेण्याचे तत्त्व इथेही आहे. मुळात ही रेल्वेच वाट्याने उभी राहिली. १९८६ मध्ये मुंबईकडून रूळ रोह्यापर्यंत आले होते. पुढच्या कामासाठी १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यात सुरुवातीचे वाटे असे होते: केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा मोठा पैसा रोखे विकून उभा केला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले. जून १९९३ मध्ये रोहे-वीर टप्पा सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, रोह्यापासून कोकण रेल्वे. प्रवाशाला ही सीमा जाणवतही नाही. २६ जानेवारी १९९९ पासून तर महामार्गावरचे ट्रकसुद्धा या वाटेचे वाटेकरी झाले. रायगडमधल्या कोलाडला भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढवायचा आणि ४१७ किमीवर गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. चालक गाडीतच विश्रांती घेतो आणि घाटातले डिझेल वाचते.

पाऊस : तिसरा वाटेकरी

जून ते ऑक्टोबर या वाटेत पाऊसही वाटा मागतो. डोंगर कापून केलेल्या कटिंगच्या दोन्ही बाजूंना उंच उतार तयार होतात. पाणी भेगांत शिरते, मघाशी पाहिले तसे घर्षण घटवते, आणि दगड किंवा माती रुळावर येते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. दगडांवर आदळून डबे पुलावरून कोसळले. ती जागा करंजाडीजवळचीच, आमची गाडी थांबली होती तिथून फार दूर नाही.

यानंतर उतार मंद करणे, पायऱ्या पाडणे, जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे अशी कामे मोठ्या प्रमाणावर झाली. माणगावसारख्या स्थानकांत स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, काळ आणि सावित्रीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पण सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा आहे: वेग कमी करणे. गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी १२० किमीऐवजी ४० किमी वेग ठेवला, की वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि थांबण्याचे अंतर नवव्या हिश्श्यावर. पुढचे नीट दिसत नसेल इतक्या पावसात चालकाने ४० चा वेग ठेवावा, अशी सूचना असते ती यासाठीच.

याची किंमत आता आपल्याला काढता येईल. १२ किमीच्या खंडाला ४० च्या वेगाने १८ मिनिटे, अधिक ५, म्हणजे २३. दिवसाच्या गाड्या ८४ वरून ६२ वर आल्या. एवढ्यासाठी पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर इतके कमी करता आले. पावसाळ्यात गाडी उशिरा पोहोचते तेव्हा तो बहुतेकदा गलथानपणा नसतो. ते सुरक्षिततेसाठी मोजलेले दाम असते.

वाटणी न्याय्य आहे का?

गणित येथे संपते, प्रश्न संपत नाही. या मार्गासाठी चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांची जमीन गेली. त्यांतल्या अनेकांच्या मुलांना आज पॅसेंजर हीच एक गाडी परवडते आणि जवळच्या स्थानकावर तीच थांबते. तिला मात्र क्रॉसिंगला सर्वांत जास्त वेळ बाजूला उभे केले जाते. "जमीन आमची, धूळ आमच्या तोंडात," ही तक्रार गाडीत बसले की ऐकू येते.

विज्ञान इथे काय सांगते? वेगवान गाडी थांबवून पुन्हा वेगात आणायला पाच-सहा मिनिटे जातात आणि एकेरी मार्गावर ती मागच्या-पुढच्या सगळ्यांच्या वाट्याची जातात. म्हणून प्रत्येक एक्सप्रेस प्रत्येक गावी थांबणे शक्य नाही. पण कुणाची गाडी कुणासाठी थांबावी, हा क्रम निसर्गाने घालून दिलेला नाही. मघाच्या उदाहरणात सहा मिनिटे की अठरा, हे आलेखाने सांगितले. पण शंभर पॅसेंजरवाल्यांची सहा मिनिटे आणि हजार एक्सप्रेसवाल्यांची अठरा यांची तुलना कशी करायची, हे माणसांनी ठरवायचे असते. मर्यादा कुठे आहेत हे गणित दाखवते. त्या मर्यादेच्या आत वाटणी कशी करायची, हा नागरिकशास्त्राचा धडा आहे. दोन्ही तास एकाच दिवशी घ्यायला हरकत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. वर दिलेला अ-ब-क आलेख मुलांना चौकटीच्या कागदावर काढू द्या. मग एका गाडीला दहा मिनिटे उशीर करा आणि तो किती गाड्यांपर्यंत पोहोचतो ते मोजायला सांगा. जवळच्या स्थानकाचे वेळापत्रक मिळाले तर खऱ्या गाड्यांचाच आलेख काढा.

२. कोरड्या वाळूचा ढीग करा आणि त्याच्या उताराचा कोन मोजा. किंचित ओली वाळू घेतली तर उतार जास्त उभा राहतो. त्याच ढिगावर झारीने पाणी सोडत राहा. वाळू पाण्याने पूर्ण भरली की ढीग बसतो. थोडे पाणी कण धरून ठेवते, जास्त पाणी त्यांना सोडवते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळीये येथे काय झाले असेल, याची कल्पना मुलांना यावरून येईल. घरामागच्या उतारावर नवी भेग पडणे किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे याकडे दुर्लक्ष करू नये, हेही त्याच वेळी सांगता येईल.

३. एक गुळगुळीत फळी, एक खेळण्यातली गाडी आणि एक ठोकळा घ्या. दोन्ही कोणत्या चढावर घसरू लागतात ते पाहा. १५० मध्ये १ म्हणजे दीड मीटरच्या फळीचे एक टोक फक्त एक सेंटिमीटर उचलणे! हा चढ डोळ्यांना दिसतही नाही. त्यासाठी ९१ बोगदे खोदले, हे मुलांना पटवून देणे सोपे नाही, पण मजेचे आहे.

करंजाडीला आम्ही थांबलो होतो, तेव्हा समोरून एक एक्सप्रेस धडाडत गेली. सिग्नल तरीही लालच. मुले वैतागली. आठ मिनिटांनी मागून दुसरी एक गाडी आली आणि आम्हाला ओलांडून पुढे गेली. खिडकीतल्या मुलीने तोपर्यंत वहीच्या मागच्या पानावर तीन रेषा काढल्या होत्या. एक आमची, मधे आडवी झालेली. एक खाली उतरणारी आणि एक मागून येऊन आमच्या रेषेला छेदून वर जाणारी. दोन्ही छेद करंजाडीच्या ओळीवर बरोबर बसले होते. गाडी हलली, तेव्हा तिने चौथी रेषा काढायला घेतली होती आणि ती सरांना विचारत होती, "सर, आता पुढचं क्रॉसिंग कुठे?"